एक केबल झोपलेली बरी

मंडळी, हा विकांत केबलींच्या नावाने. दचकू नका, कमांड शिकवायला बसलेलो नाही. माझं रोजचं काम सॉफ्टवेअर लिहिण्याचं, नेटवर्कवाल्यांच्या खोलीत मी पाहुणाच. पण गेली काही वर्षं एक गोष्ट डोक्यात घोळत्येय, आणि ती फक्त नेटवर्कवाल्यांची नाही असं माझं ठाम मत झालंय. म्हणून हा प्रपंच.

आपल्याकडे एक समजूत फार पक्की आहे. एकाला दोन असलं की काळजी मिटली. घरात दोन सिलिंडर, फोनमध्ये दोन सिमकार्डं, डब्यात एक पोळी जास्तीची. "असू दे रे, लागली तर!" हे वाक्य ऐकत आपण लहानाचे मोठे झालो. हीच सवय घेऊन आपण हापिसात येतो आणि म्हणतो, दोन स्विच एका केबलने जोडलेत ना, मग आणखी एक टाकून ठेवा. एक तुटली तर दुसरी आहेच.

इथेच गोची आहे. साध्या स्विचच्या नेटवर्कमध्ये दुसरी केबल नुसती खोचून दिली, तर ती अडीअडचणीची वाट पाहत बसत नाही. त्याच क्षणी सगळं नेटवर्क बसतं. काहीच तुटलेलं नसतं. दोन्ही केबली धडधाकट असतात आणि तेच दुखणं असतं!

असं का होतं? तुम्ही जावा लिहीत असा नाहीतर दिवसभर एक्सेल उघडून बसत असा, कळायला अवघड नाही.

गिरगावातली एखादी जुनी चाळ डोळ्यांपुढे आणा. चार मजले, लांबलचक गॅलऱ्या, दोन्ही टोकांना एकेक जिना. प्रत्येक मजल्यावर एक काका बसलेत. पोस्टमन खाली येऊन ओरडतो, "गोखले कुठे राहतात हो?" काकांना नियम एकच माहीत. हाक आली की आपल्या मजल्यावर ओरडायची, आणि जिथून आली ती वाट सोडून बाकी सगळ्या वाटांनी पुढे ढकलायची. काका अत्यंत कामसू आहेत, पण हीच हाक आपण मघाशी दिली होती हे त्यांना अजिबात आठवत नाही.

आता चाळीला एकच जिना असता, तर हाक चढत चढत वरच्या मजल्यावर गेली असती आणि तिथे विरली असती. गोखल्यांनी "इथे इथे" म्हटलं असतं, विषय संपला. पण जिने दोन आहेत. डाव्या जिन्याने वर गेलेली हाक उजव्या जिन्याने खाली येते. तळमजल्याचे काका ती नवी समजून पुन्हा वर पाठवतात. उलट्या बाजूनेही तेच. गोखले सापडले, पत्र मिळालं, पोस्टमन निघूनही गेला, तरी चाळीत "गोखले कुठे राहतात" चालूच. तेवढ्यात दुसरा कोणी विचारतो, "पाणी आलं का?" ती हाकही या फेऱ्यात सामील. थोड्या वेळात एवढा गलका होतो की कोणाला कोणाचं काही ऐकू येत नाही.

काका म्हणजे स्विच. जिने म्हणजे केबली. आणि न थांबणारी हाक म्हणजे लूप. त्यातून उठणाऱ्या गलक्याला नेटवर्कवाले ब्रॉडकास्ट स्टॉर्म म्हणतात.

काकांना आणखी एक सवय असते. कोणाचा आवाज कुठल्या जिन्यातून आला हे ते वहीत टिपून ठेवतात, म्हणजे पुढच्या वेळी सगळ्या चाळीत ओरडावं लागत नाही. लूप झाला की ही वहीसुद्धा बिघडते. पोस्टमनचा आवाज आत्ता डावीकडून, आता उजवीकडून, परत डावीकडून. काका खोडत राहतात, लिहीत राहतात.

इंटरनेटवरच्या आयपी पॅकेटला हा रोग जडत नाही, कारण त्याच्यावर आयुष्य लिहिलेलं असतं. दर राउटरपाशी तो आकडा एकाने कमी होतो, शून्य झाला की पॅकेट टाकून देतात. स्विचमधून फिरणाऱ्या इथरनेट फ्रेमवर असं काही लिहिलेलं नसतं. ती लूपमध्ये सापडली की केबल उपटेपर्यंत फिरणार. एक गिगाबिटच्या केबलमधून सर्वांत छोट्या, म्हणजे ६४ बाइटच्या फ्रेम सेकंदाला जवळजवळ १४ लाख ८८ हजार जाऊ शकतात. लूप एवढी जागा बघता बघता भरून टाकतो. वर ब्रॉडकास्ट असल्यामुळे प्रत्येक संगणकाला प्रत्येक हाक "माझ्यासाठी आहे का?" म्हणून बघावी लागते. त्यामुळे नेटवर्क तर बसतंच, संगणकही रांगायला लागतात. स्विचवरचे सगळे हिरवे दिवे एका तालात लुकलुकतात. दिसतं छान. दिवाळीच म्हणा ना. :-)

यावरचा तोडगा निघाला १९८५ मध्ये. अमेरिकेत डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये काम करणाऱ्या रेडिया पर्लमन यांनी तो काढला. त्यांच्या साहेबांनी एका शुक्रवारी प्रश्न सोपवला आणि ते सुट्टीवर गेले. बाईंना उत्तर त्याच रात्री सुचलं. सोमवार-मंगळवारात ते नीट लिहून झालं आणि उरलेल्या आठवड्यात त्यांनी त्या उत्तरावर एक कविता लिहिली! (साहेब सुट्टीवर गेले की काय काय होऊ शकतं बघा.) हाच तो स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल. १९९० मध्ये तो आयट्रिपलईचं ८०२.१डी हे मानक झाला.

कल्पना साधी आहे. सगळे स्विच मिळून आपल्यातला एक प्रमुख निवडतात. त्याला म्हणायचं रूट. मग प्रत्येकजण रूटकडे जाणारी आपली सर्वांत स्वस्त वाट शोधतो. ज्या वाटा उरतात, ज्यांच्यामुळे गोल पूर्ण होतो, त्या बंद ठेवतात. म्हणजे केबल जागेवरच असते, दिवाही लागलेला असतो, पण तिच्यातून तुमची-माझी फ्रेम जात नाही. ती झोपलेली असते. मात्र एक कान उघडा ठेवून. रूटकडून दर २ सेकंदांनी एक छोटा "आहे हो" असा निरोप येतो, तो ती ऐकत राहते. मूळ प्रोटोकॉलमध्ये २० सेकंद निरोप आला नाही, तर झोपलेली वाट उठायला लागते. पण ती धाडकन उघडत नाही. १५ सेकंद ऐकते, १५ सेकंद शिकते, मग उघडते. म्हणजे वाईटात वाईट ५० सेकंद. २००१ मध्ये आलेल्या रॅपिड आवृत्तीत हे काम काही सेकंदांत, आणि बऱ्याचदा सेकंदाच्या आत होतं.

झाडात गोल नसतो, म्हणून ट्री. जास्तीची वाट ठेवायची पण चालू ठेवायची नाही, एवढंच तत्त्व.

खरं तर हे मुंबईकराला परकं वाटायला नको. अनंत चतुर्दशीला वाहतूक पोलीस कित्येक चांगले रस्ते बंद करतात, कित्येक एकदिशा करतात. लालबागचा राजा निघतो तो दुसऱ्या दिवशी सकाळी गिरगाव चौपाटीला पोचतो. त्या गर्दीत सगळे रस्ते सगळ्यांना दोन्हीकडून मोकळे ठेवले असते, तर किती मिरवणुका चौपाटीला पोचल्या असत्या? रस्ते बंद केलेत म्हणूनच गर्दी सरकते. आणि कुठला रस्ता कधी बंद, हे आधी ठरवून जाहीर केलेलं असतं.

विजेचंही असंच. शहरात जमिनीखालून जाणाऱ्या ११ केव्हीच्या केबली रिंगमध्ये टाकण्याची जुनी पद्धत आहे. म्हणजे सबस्टेशनला वीज दोन्ही बाजूंनी येऊ शकते. पण ती रिंग एका ठिकाणी मुद्दाम उघडी ठेवतात. पूर्ण जोडली तर एका जागच्या बिघाडाला दोन्हीकडून वीज मिळत राहील आणि सगळी रिंग ट्रिप होईल. बिघाड झाला की तेवढा तुकडा बाजूला काढायचा आणि उघडी जागा जोडून उरलेल्यांना दुसऱ्या बाजूने वीज द्यायची. पर्लमनबाईंनी जे स्विचला शिकवलं, ते वीजवाले हाताने करतच होते.

मग एवढं सगळं माहीत असताना नेटवर्कं बसतात कशी?

माझ्या मते कारणं दोनच. एक, रूट कोण आणि झोपायचं कोणी, हे कोणी ठरवतच नाही. दोन, कोणीतरी वैतागून हा प्रोटोकॉलच बंद करून टाकतो.

पहिलं घेऊ. रूटची निवडणूक आकड्यावर होते. प्रत्येक स्विचला एक प्राधान्याचा आकडा असतो, ज्याचा लहान तो जिंकतो. कारखान्यातून सगळे एकच आकडा घेऊन येतात, ३२७६८. सगळ्यांचे सारखे असले तर हार्डवेअरचा पत्ता बघतात, त्यात जो लहान तो रूट. एकाच कंपनीचे स्विच असले तर लहान पत्ता बऱ्याचदा जुन्या यंत्राचा असतो. म्हणजे तुम्ही लाखो रुपयांचा नवा कोअर स्विच आणता, आणि नेटवर्कचा प्रमुख असतो पँट्रीशेजारच्या कपाटातला, पंख्याची घरघर करणारा बारा वर्षांचा म्हातारा. अख्ख्या मजल्याची वाहतूक त्याच्या अंगावरून जाते. एके दिवशी तो राम म्हणतो आणि सगळ्यांना नवा रूट शोधावा लागतो. कोणाचीच चूक नाही, कारण कोणी काही ठरवलंच नव्हतं.

दुसरं म्हणजे या प्रोटोकॉलचा एक स्वभावदोष आहे, तो समजून घ्यायला हवा. तो शांततेचा अर्थ मृत्यू असा लावतो. झोपलेल्या वाटेला निरोप आला नाही, की तिला वाटतं समोरची वाट गेली. ती उठून उघडते. आता समजा समोरचा स्विच मेला नव्हता, नुसता कामाच्या ओझ्याखाली दबला होता आणि त्याला निरोप पाठवायला फुरसत नव्हती, तर? झोपलेली वाट उघडली, गोल पूर्ण झाला, लूप सुरू झाला, ओझं आणखी वाढलं, आणखी निरोप चुकले. म्हणजे संरक्षणाची यंत्रणा ऐन गर्दीतच दार उघडून देते.

हे पुस्तकी नाही. १३ नोव्हेंबर २००२ ला बोस्टनमधल्या बेथ इस्रायल डीकनेस या मोठ्या रुग्णालयाचं नेटवर्क दुपारी मंद झालं आणि मग उठेचना. सुरुवातीला एका संशोधकाच्या संगणकातून निघालेल्या प्रचंड डेटाकडे बोट दाखवलं गेलं. पण ती ठिणगी. दारू आधीच साठलेली होती. वर्षानुवर्षं गरज पडेल तसे स्विचला स्विच जोडत गेल्यामुळे नेटवर्क फार लांब झालं होतं. स्पॅनिंग ट्रीचे मूळ आकडे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सात टप्पे धरून ठरवलेले आहेत. इथे काही भाग त्याच्या पलीकडे गेला होता. निरोप वेळेत पोचेनात, झाड मोडायचं, पुन्हा उभं राहायचं, पुन्हा मोडायचं. सिस्कोची माणसं आणि सामान तातडीने आणावं लागलं. रुग्णालय काही दिवस कागदावर चाललं. तपासण्यांचे निकाल, औषधांच्या सूचना, सगळं माणसांनी हातात घेऊन धावायचं.

मला या प्रकरणात सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. तिथले माहिती तंत्रज्ञानाचे प्रमुख जॉन हालाम्का यांनी ते लपवलं नाही. काय चुकलं ते जाहीरपणे सांगितलं, इतरांना शिकता यावं म्हणून. असं आपल्याकडे किती वेळा होतं, मनाशीच विचारा.

बोस्टनची ही गोष्ट परळच्या नाक्यावर उभं राहून आठवली की अंगावर येते. १९२६ चं केईएम, १९४१ चं टाटा मेमोरियल, वाडिया... चालत जाण्याच्या अंतरात एवढी रुग्णालयं. कोकणातून, विदर्भातून, पार बिहार-बंगालमधून आलेले लोक फूटपाथवर फायली कवटाळून बसलेले असतात. आता रुग्णालयांत एक्स-रे, सीटी, रक्ताचे रिपोर्ट पडद्यावर येतात. ते पडद्यावर येतात म्हणजे कुठल्यातरी स्विचमधून जातात. "नेटवर्क डाउन आहे, उद्या या" हे वाक्य आपल्या हापिसात चहाला निमित्त असतं. गावाहून आलेल्या माणसाला त्याची किंमत एका धर्मशाळेच्या रात्रीत मोजावी लागते.

आता जवळचा किस्सा सांगतो. परळला गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या एका काचेच्या इमारतीतलं ऑफिस. नाव राहू दे. आमच्या सॉफ्टवेअरच्या कामासाठी मी तिथे जात असे. दसऱ्यानंतरचा पहिला कामाचा दिवस. खंडेनवमीला टेबलं सरकवून साफसफाई झालेली, संगणकांना झेंडू वाहिलेला, मॉनिटरवर कुंकवाची बोटं. सकाळी दहाला सगळं ठप्प. इंटरनेटवाल्याला फोन. राउटर बंद-चालू. मग व्हायरसचा संशय. कोणीतरी आमच्याही सॉफ्टवेअरकडे बोट दाखवून झालं. (ते होणारच!) दुपारी अडीचच्या सुमारास सापडलं. एका टेबलावरच्या आयपी फोनला मागे दोन खाचा असतात, एक भिंतीकडे जाणाऱ्या केबलसाठी, एक संगणकासाठी. साफसफाईनंतर त्या दोन्ही खाचांतल्या केबली भिंतीत गेल्या होत्या. फोनच्या पोटात छोटा स्विचच असतो. झाला गोल पूर्ण.

कोणी लावली? हाउसकीपिंगच्या मामांनी. केबल लोंबकळत होती, समोर रिकामं भोक होतं, त्यांनी बसवली. तुम्ही-आम्ही वेगळं काय केलं असतं? पण त्या दिवशी चार माणसांसमोर मामांना जे ऐकून घ्यावं लागलं ते ऐकवत नव्हतं. "हात कशाला लावला? कळतं का तुम्हाला काही?" मामा मान खाली घालून "चुकलं साहेब" म्हणत होते. पुढच्या महिन्यात मामा तिथे दिसले नाहीत. कॉन्ट्रॅक्टरने दुसरीकडे पाठवलं असं कळलं.

नंतर कळलेली गोष्ट जास्त महत्त्वाची. त्या मजल्यावरच्या चांगल्या, महागड्या स्विचवर स्पॅनिंग ट्री बंद करून ठेवलेला होता. का? तर कधीकाळी लोकांची तक्रार होती की सकाळी संगणक चालू केल्यावर अर्धा मिनिट नेटवर्क मिळत नाही. ते अर्धं मिनिट म्हणजे वर सांगितलेले १५ अधिक १५ सेकंद. त्यावर योग्य उपाय असतो. ज्या पोर्टला फक्त संगणक लागतो त्याला तसं सांगायचं, मग तो थांबत नाही. याला एज पोर्ट म्हणतात, सिस्कोच्या भाषेत पोर्टफास्ट. आणि त्याच पोर्टवर पहारा बसवायचा, की इथे कधी स्विचचा निरोप ऐकू आला तर पोर्ट ताबडतोब बंद. हा बीपीडीयू गार्ड. दोन ओळींचं काम. ते न करता अख्खा प्रोटोकॉलच काढून टाकला होता. दारात चप्पल अडकते म्हणून दारच काढावं तसं.

मग मला सांगा, साडेचार तासांचं नुकसान कोणी केलं? केबल लावणाऱ्या मामांनी, की पहारा काढून घेणाऱ्याने आणि तो काढलाय हे वर्षानुवर्षं न बघणाऱ्यांनी? माझं उत्तर स्पष्ट आहे. माणूस केबल चुकीच्या भोकात लावणारच. नेटवर्क असं हवं की ती लावली तर एक पोर्ट बंद पडेल, एक टेबल ओरडेल, आणि बाकीच्यांना पत्ताही लागणार नाही. जिथे एका केबलीने मजला बसतो, तिथे दोष केबल लावणाऱ्या हाताचा नसतो.

यावर नेटवर्कवाले मित्र म्हणतात, "अरे, स्पॅनिंग ट्री आता जुना झाला." अर्धं खरं आहे. अर्ध्या केबली झोपवून ठेवणं मोठ्या डेटा सेंटरला परवडत नाही. खुद्द पर्लमनबाईंनीच पुढे ट्रिल नावाचा दुसरा मार्ग सुचवला, त्याचं मानक २०११ मध्ये आलं. त्यात प्रत्येक फ्रेमवर आयुष्य लिहिलेलं असतं. आता मोठ्या ठिकाणी स्विचच्या मध्ये राउटिंग वापरून सगळ्या वाटा जाग्या ठेवतात. जरूर ठेवा. पण दादरच्या क्लासमध्ये, गिरगावातल्या सीएच्या ऑफिसात, लालबागच्या दवाखान्यात काय असतं? आठ पोर्टचा स्वस्तातला स्विच, त्याला जोडलेला दुसरा, टेबलाखाली तिसरा. यातले बरेचसे स्विच स्पॅनिंग ट्री बोलतच नाहीत. डेटा सेंटर सुधारलं म्हणून टेबलाखालचा लूप काही सुटत नाही.

आता उरलेली अर्धी बाजू. लूप टाळला, एक वाट झोपवली. पण ती उठेल कशावरून?

२४ फेब्रुवारी २०२१, बुधवार. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एनएसईचे व्यवहार सकाळी ११:४० च्या सुमारास थांबले. दुपारी ३:४५ ला पुन्हा सुरू झाले आणि त्या दिवशी बाजार संध्याकाळी ५ पर्यंत चालवावा लागला. मधल्या चार तासांत दलाल स्ट्रीटवरच्या बीएसईत व्यवहार चालू होते, पण एनएसईत पोझिशन अडकलेल्यांची काय घालमेल झाली ते त्यांनाच विचारा. ही लूपची गोष्ट नव्हे. पण एनएसईने त्याच दिवशी काय सांगितलं? पर्याय असावा म्हणून दोन कंपन्यांच्या दूरसंचार लाइन होत्या, आणि दोन्हींत अडचण आली. नंतरच्या खुलाशात रस्त्यालगतच्या खोदकामाचा आणि स्टोरेज यंत्रणेच्या अनपेक्षित वागण्याचा उल्लेख होता.

मुंबईत खोदकाम म्हणजे काही अघटित नव्हे, तो बारमाही ऋतू आहे. कागदावर दोन कंपन्या, दोन बिलं, दोन करार. पण दोघांच्या केबली एकाच रस्त्याने जात असल्या, तर जेसीबीच्या दृष्टीने ती एकच. आणि वाटा खरोखर वेगळ्या असल्या, तरी एक पडल्यावर मागची यंत्रणा कशी वागेल हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात असं. जास्तीची केबल विकत घेतली म्हणजे भरवसा विकत घेतला असं नाही. जागं कोण, झोपलेलं कोण, उठवणार कोण, आणि शेवटचं उठवून कधी पाहिलं, या चार प्रश्नांची उत्तरं म्हणजे भरवसा. त्यासाठी फार पैसे लागत नाहीत. माझ्या मते किमान एवढं तरी प्रत्येक ऑफिसात व्हावं:

१. रूट ठरवा. मधल्या दणकट स्विचला लहान आकडा द्या, त्याच्या जोडीदाराला त्याच्या खालोखालचा. निवडणूक पत्त्यावर सोडू नका.

२. स्पॅनिंग ट्री चालू ठेवा, शक्यतो रॅपिड आवृत्ती. संगणक-फोनच्या पोर्टवर एज आणि पहारा दोन्ही. नुसता एज ठेवून पहारा विसरणं म्हणजे दार उघडं टाकून वॉचमनला सुट्टी देणं.

३. ब्रॉडकास्टला मर्यादा घाला. बऱ्याच स्विचमध्ये स्टॉर्म कंट्रोल असतो. लूप झालाच तर गलका एका जिन्यापुरता राहील.

४. नावं लिहा. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी. दादरला मध्य आणि पश्चिम रेल्वेचे वेगवेगळे 'एक नंबर' होते, 'एक नंबरवर ये' म्हणून किती भेटी चुकल्या असतील! ९ डिसेंबर २०२३ पासून सलग १ ते १४ नंबर झाले. रेल्वेला जमलं, तुमच्या रॅकला का जमू नये?

५. केबल उपटून पाहा. तीन-चार महिन्यांतून एकदा, शनिवारी संध्याकाळी, सगळ्यांना आधी सांगून, चालू वाट मुद्दाम काढा. घड्याळ लावून बघा दुसरी किती सेकंदांत उठते. उठली नाही तर शनिवारी कळलेलं बरं.

पाचव्या मुद्द्याला सर्वांत जास्त विरोध होतो. "चालतंय ना? मग हात कशाला लावायचा?" हे आपलं राष्ट्रीय ब्रीदवाक्य असावं. पण न तपासलेली दुसरी वाट ही नुसती आशा असते, आणि बिल मात्र खऱ्या लाइनचं येतं.

आपण सॉफ्टवेअरवाले यात साळसूदपणे बाजूला उभे राहतो. आपल्या कोडमध्ये "नेटवर्क नाही मिळालं तर पुन्हा प्रयत्न कर" असं बिनधास्त लिहितो, किती वेळा ते न लिहिता. नेटवर्क कण्हत असताना हजार प्रोग्रॅम एकदम "पुन्हा, पुन्हा" करायला लागतात तेव्हा आपणही चाळीतले काकाच असतो. किती वेळा ओरडायचं आणि कधी गप्प बसायचं, हे आपल्यालाही ठरवून ठेवायला हवं.

असो. लेक्चर पुरे. सोमवारी एक करा. ऑफिसातल्या नेटवर्कवाल्याला कटिंग पाजा आणि सहज विचारा, "आपला रूट कोण रे?" त्याने पटकन नाव सांगितलं तर दुसरा कटिंगही पाजा, तुम्ही चांगल्या हातात आहात. तो गोंधळला तर हसू नका, त्याच्याबरोबर बसून शोधा. आणि टेबल पुसताना लोंबकळणारी केबल बघून कोणी मामा थबकले, तर त्यांना ओरडायच्या आधी तिला चिठ्ठी लावलेली आहे का ते बघा.